कुंचीतला वरवंटा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे यातला एक तुकडा बायकोला माहीत आहे, एक तुकडा एका मित्राला. पण पहिल्यापासून शेवटपर्यंत, सलग — कुणालाच नाही.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. मी ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका लहान कारखान्यात इन्स्पेक्शन बघतो. बावीस वर्षं झाली. व्हॉल्व्हचे पार्ट लेथवरून उतरून माझ्या टेबलावर येतात, मी मोजतो. मापात बसला तर पास, नाही तर लाल रंग लावून बाजूला. आमच्या खात्यात ‘अंदाजे’ हा शब्द शिवीसारखा आहे. एकदा सही केली की ती माझी, मग समोर मालक असो नाही तर गिऱ्हाईक. बावीस वर्षांत एकाही खोट्या कागदावर मी सही केलेली नाही... कारखान्यात तरी नाही.

हे सदर मी बरीच वर्षं वाचतोय. इथल्या अनुभवांत दोष बहुतेक वेळा गेलेल्या माणसाचा असतो. कुणी विहिरीत उडी मारलेली बाई, कुणी खोलीतला आधीचा भाडेकरू. माझ्या अनुभवात दोष लिहिणाऱ्याचा आहे. आणि तो मी पडेल आवाजात सांगणार नाहीये. सात वर्षं मान खाली घालून बघितली, त्याने कुणाचंही भलं झालं नाही. तेव्हा वाचून ज्याला जे म्हणायचंय ते खुशाल म्हणा.

आम्ही डोंबिवली पश्चिमेला कोपरला राहतो. मी आणि माझी बायको वैशाली. ती एका शाळेच्या ऑफिसात आहे. माझा धाकटा भाऊ महेश, त्याची बायको रूपाली आणि आई कल्याणला राहतात. आमचं लग्न झालं तेव्हा मी तेहेतीसचा, वैशाली एकोणतीसची. पहिली दोन वर्षं कुणी काही बोललं नाही. मग सुरू झालं. आई दर रविवारी फोनवर, काय गं, काही बातमी? मामी, मावशी, खालच्या मजल्यावरच्या काकू. सगळ्या वैशालीला विचारायच्या. मला पाच वर्षांत एकदाही कुणी विचारलं नाही. एकदासुद्धा नाही. मी जेवत असायचो त्याच टेबलावर तिला विचारायचे, आणि मला भाजी वाढायचे.

शेवटी ठाण्याला एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी दोघांच्या तपासण्या लिहून दिल्या आणि मला म्हणाल्या, तुमची सगळ्यात सोपी, ती आधी करून टाका, कुठल्याही लॅबमध्ये चालेल. मी वैशालीला काही न सांगता आंबिवलीला गेलो. का, तर तिथे मला कुणी ओळखत नव्हतं.

रिपोर्ट आला — शुक्रजंतू शून्य. कमी नाही, अशक्त नाही. शून्य. हो, लिहितोय मी ते. पुरुषांना हा आकडा तोंडातून काढता येत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय.

तो कागद मी स्टेशनबाहेर एका टपरीमागे उभं राहून फाडला. चार तुकडे, मग आठ, मग सोळा. चहावाल्याने विचारलं, लॉटरी का? मी म्हटलं, हो.

इथपर्यंत भीती होती. भीतीला एक वेळ माफी असते. पुढचं मी डोकं ठिकाणावर ठेवून केलं.

दिगंबर, म्हणजे दिग्या, माझा शाळेपासूनचा मित्र. डोंबिवलीतच असतो. दोन मुलगे आहेत त्याला. मी त्याला गाठलं आणि जे हवं होतं ते मागितलं. तो आधी हसला. मग माझं तोंड बघून थांबला.

“अरे, वहिनीला सांग ना सरळ.”

“नाही सांगू शकत.”

“मग डॉक्टरणीला सांग. हल्ली औषधं असतात यावर.”

“दिग्या, तू करणारेस का नाही, तेवढं बोल.”

मग म्हणाला, “एकदाच. आणि परत हा विषय तू काढायचा नाहीस, मी काढणार नाही.”

शनिवारी वैशाली शाळेत असताना तो घरी आला. बाथरूममध्ये गेला. मी गॅलरीत जाऊन समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाक्या मोजत उभा राहिलेलो. तो बाहेर आला, डबी वॉशिंग मशीनवर ठेवली आणि चहा न घेता, माझ्याकडे न बघता गेला. ती डबी शर्टाच्या खिशात घालून मी पंधरा मिनिटांत स्टेशनजवळच्या लॅबमध्ये पोचलो. काउंटरवरच्या मुलीने नाव विचारलं. मी माझं सांगितलं. तिने स्टिकर चिकटवला.

आमच्याकडे साधी पितळेची सळई आली तरी तिच्यावर नंबर ठोकलेला असतो, कुठल्या भट्टीतून निघाली ते कळतं. इथे अख्ख्या माणसाची गोष्ट होती आणि कुणी काही विचारलं नाही. लॅबचा दोष नाही. खोटं बोलणारा मी होतो.

रिपोर्ट उत्तम आला. दिग्याचाच तो. वैशालीने ओट्याशी उभं राहून वाचला. “तुमचं सगळं छान आहे,” ती म्हणाली. आणि तिला खरंच बरं वाटलं, माझ्यासाठी. ते मी तिच्या तोंडावर बघितलं. मग कागदाची घडी घालत म्हणाली, “म्हणजे माझ्यातच काहीतरी असणार.”

मी म्हटलं, “तसं काही नसतं गं.”

एवढंच म्हटलं.

पुढचं असं दीड वर्ष ज्यांनी काढलं असेल त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही त्यांना किती सांगितलं तरी कळणार नाही. गोळ्या. त्यांनी तिचं तोंड सुजायचं, डोकं दुखायचं. शाळेत जायच्या आधी एक दिवसाआड ठाण्याला सोनोग्राफी, अंडं किती मोठं झालं ते बघायला. पोटात घ्यायची इंजेक्शनं ती स्वतःच घ्यायला शिकली. फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीशेजारी त्यांचा खोका असायचा. डॉक्टर सांगतील त्या दिवशी आम्ही... असो. त्या दिवशी मी नवऱ्याचं काम करायचो, आणि त्यातून काही होणार नाही हे त्या घरात मला एकट्याला माहीत असायचं.

मग नळ्यांचा एक्स-रे. गर्भाशयात औषध सोडून नळ्या उघड्या आहेत का बघतात. थोडं दुखेल म्हणून सांगितलेलं. दाराबाहेर खुर्चीवर मी पेपर घेऊन बसलेलो. आतून तिचा आवाज आला. लग्नाला इतकी वर्षं झाली, तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. मी पेपरचं पान उलटलं. ती भिंतीला धरत बाहेर आली आणि मला म्हणाली, “सॉरी हां, तुम्हाला उशीर झाला कामाला.”

नळ्या उघड्या होत्या. तिचं सगळंच व्यवस्थित होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोघांचे रिपोर्ट नॉर्मल आणि तरी कारण सापडत नाही, असंही होतं. आता दुर्बीण घालून आतून बघू. पूर्ण भूल द्यायची, बेंबीपाशी छेद. मंगळवारची तारीख दिली. लिहिता लिहिता त्यांनी मला विचारलं, तुमची टेस्ट जुनी झाली, परत एकदा करून घ्यायची का? मी काही बोलायच्या आत वैशाली म्हणाली, “त्यांचं सगळं छान होतं, डॉक्टर. त्यांना कशाला परत त्रास?”

आणि मी गप्प बसलो. तिला चिरणार होते, आणि मी गप्प बसलो.

त्या मंगळवारच्या आधीच्या रविवारी कल्याणला महेशच्या मुलाचं बारसं होतं. त्यांच्याच सोसायटीच्या हॉलमध्ये. दुपारचे साडेबारा. लख्ख ऊन, चाळीसेक माणसं, मागच्या बाजूला केटररचे लोक मसालेभाताची पातेली उतरवत होते. हे सगळं नीट सांगतोय, कारण अंधार नव्हता, एकांत नव्हता, मी आजारी नव्हतो आणि उपाशीही नव्हतो. येऊन दोन बटाटेवडे खाल्लेले.

बारशाला पाळण्याखालून आणि वरून बाळ एकमेकींच्या हातात देतात, ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत, हे सगळ्यांना माहीत आहे. बाळाच्या आधी वरवंटा फिरवतात, त्याला बाळासारखी कुंची घालून. आमच्या घरात यापुढे आणखी एक आहे. राजापूरकडून आलेलं. फिरवून झालेला तो वरवंटा, कुंचीसकट, मूल नसलेल्या बाईच्या मांडीवर देतात. तिने तो थोडा वेळ थोपटायचा. म्हणजे पुढचं बारसं तिच्या घरी.

हे सगळं करायची आमची आक्का. आक्का म्हणजे माझी आत्या, बाबांची थोरली बहीण. तेव्हा ऐंशीच्या पुढे. वरवंटा तिचाच, सासरहून आणलेला, घरातल्या प्रत्येक बारशाला ती पिशवीत घालून घेऊन यायची.

“ये गो वैशाली, बस हितं,” आक्का म्हणाली.

वैशाली पाटावर बसली. दात काढायला बसलेल्या माणसासारखं तोंड करून. आक्काने वरवंटा तिच्या मांडीवर दिला. पिवळी कुंची, लाल गोंडा. बायका हसत होत्या, दोघी-तिघी मोबाइलवर व्हिडिओ घेत होत्या. आई मागून म्हणाली, नीट धर गं, टाकशील. वैशाली थोपटू लागली. पुरुष मंडळी खुर्च्यांवर होती. मी दाराजवळ उभा होतो, मंगळवारसाठी ऑफिसात रजा टाकायची राहिलीय का ते आठवत.

आक्काने मला हाक मारली. “तू रे कुठं तिकडं? ये. जोडीनं घ्यायचं ह्ये.”

असं आधी कधी झालेलं नव्हतं. पुरुषाला त्यात कधीच घेत नाहीत. लोक हसले. महेश म्हणाला, जा दादा, प्रॅक्टिस होईल. मी जाऊन वैशालीशेजारी बसलो आणि आक्काने तिच्या मांडीवरचा वरवंटा उचलून माझ्या दोन्ही हातांत ठेवला.

इतकी वर्षं लोखंड-पितळ हाताळल्यावर हाताला वजन कळतं. पन्नास ग्रॅमचा फरक मी सांगू शकतो, पैजा लावून सांगितलाय. हातात आल्या आल्या मनात आलं, सव्वादोन किलो, किंचित जास्त. चांगला घट्ट काळा दगड.

मग तो जड व्हायला लागला.

आधी वाटलं हाताला वांब आला. मनगट सरळ केलं. तीन किलो. पाच. मला आकडे आपोआप कळत होते, तो माझा धंदा आहे. आठ. मी हात मांडीवर टेकवले. दगड गार असायला हवा होता, तो कोमट होता — कपड्यात गुंडाळलेल्या पोराचं अंग असतं तसा. बारा. चौदा. माझ्या मांडीचं हाड दुखायला लागलं. आणि मग... झोपलेलं मूल खांद्यावर कलतं ना, सगळा भार एका बाजूला टाकून, तसा त्याचा भार माझ्या उजव्या दंडाकडे कलला. मी हात हलवलेला नव्हता. कुणी धक्का मारलेला नव्हता. तो वळला आणि विसावला.

मला उठता येईना. समोर चाळीस माणसं, कुणाला काही दिसत नव्हतं. रूपालीची आई गुलाबजाम खात होती.

वैशालीला माझ्या तोंडाकडे बघून काहीतरी कळलं असावं. “काय झालं? द्या इकडे,” म्हणाली. आणि तिने तो एका हाताने उचलला. नारळ उचलावा तसा. माझे हात हलके होऊन वर आले. आक्का म्हणाली, “त्याच्याकडंच ऱ्हाऊ दे, त्याचं झालं नाय अजून.” वैशालीने परत माझ्या मांडीवर ठेवला आणि तिथेच थोपटू लागली.

दुसऱ्या वेळी सव्वादोनपासून सुरुवात झाली नाही. जिथे सोडलेलं तिथूनच पुढे.

मी वैशालीच्या कानाशी तोंड नेलं. मला धीर आला होता असं समजू नका. धीर असता तर दीड वर्ष आधी आला असता. माझ्या मांडीवर ते होतं आणि मला दुसरं काहीच करता येत नव्हतं. मी म्हणालो, “तो रिपोर्ट माझा नाही. दिग्याचा आहे. माझा शून्य आहे. मंगळवारी जाऊ नकोस.”

तिने थोपटायचा हात थांबवला नाही. माझ्या मांडीवरच्या कुंचीवर तिचा हात तसाच पडत राहिला, तीन-चारदा. आणि भरती उतरते तसा तो भार उतरत गेला. आठ, पाच, तीन. सव्वादोन. दगड. गार.

आक्काने वरवंटा घेतला, कुंची सोडली, पदराने पुसून पिशवीत टाकला. माझ्याकडे बघितलंही नाही.

वैशाली पूर्ण जेवली. पंगतीत वाढायलासुद्धा उभी राहिली. घरी येताना रिक्षात तिने मला तीनच गोष्टी विचारल्या. कधीपासून? मी सांगितलं. आणखी कुणाला माहीत आहे? मी म्हटलं, दिग्याला. रिक्षा फाटकाशी थांबलेली. मग तिने विचारलं, “माझ्या नळ्यांचा एक्स-रे झाला तेव्हा तुम्ही बाहेर होतात ना?”

“हो.”

“काय करत होतात?”

“पेपर वाचत होतो.”

ती हसली. खरंच हसली. म्हणाली, “काय होतं पेपरात?” आणि मग घर येईपर्यंत बाहेर बघत राहिली.

सोमवारी सकाळी तिने क्लिनिकला फोन केला. मी समोर बसलेलो. रिसेप्शनवरच्या मुलीला म्हणाली, “उद्याचं ऑपरेशन रद्द. पेशंट बदललाय म्हणून सांगा डॉक्टरांना.”

पेशंट बदलला. माझ्या तपासण्या झाल्या, सगळ्या, ज्या दीड वर्षापूर्वीच व्हायला हव्या होत्या. ती ‘सॅम्पल’ असा एवढासा बोर्ड लावलेली खोली, ती डबी, ते दार — सगळं माझ्या वाट्याला आलं, आणि त्यात मेलो नाही मी. कुठलाही पुरुष मरत नाही. इथे वाचणाऱ्यांपैकी कुणी आंबिवलीला जायच्या विचारात असेल तर त्याला सांगतो, सरळ बायकोसोबत जा. इलाज नव्हता माझ्यावर. डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्याचं बीज घ्यायचा रस्ता सांगितला, हल्ली रीतसर मिळतं, नाव-गाव गुप्त ठेवून. मी तयार होतो. वैशालीने तिथेच सांगितलं, “एकदा माझ्या नकळत दुसऱ्याचं आणलंत. आता माझ्या देखत नको.” आम्ही थांबलो. आम्हाला मूल नाही. ती माझ्यासोबत राहते. का राहते, हे मी तिला विचारलेलं नाही. तो अधिकार माझा नाही.

आता वरवंट्याचं. दुसऱ्या आठवड्यात मी महेशकडे गेलो. आक्का अजून तिथेच मुक्कामाला होती. वरवंटा दोन दिवस नेऊ का विचारलं, तर रूपाली म्हणाली, “दादा, मिक्सर बंद पडलाय का तुमचा?” आक्का म्हणाली, ने. मी तो कारखान्यात नेला. नुकत्याच तपासून आलेल्या काट्यावर ठेवला. दोन किलो दोनशे ऐंशी ग्रॅम. पाच वेळा ठेवला, पाच वेळा तेच. उन्हात ठेवला, पंख्याखाली ठेवला, तास-तासभर मांडीवर घेऊन बसलो. स्टोअरच्या माणसाला वाटलं माझं डोकं फिरलं. दगड होता. दगडच राहिला.

म्हणजे सुरुवातीला माझ्या हातांनी बरोबर सांगितलेलं. सव्वादोन किलो, किंचित जास्त. मग पुढचे आकडे तेवढे चूक कसे म्हणू? माझ्या उजव्या मांडीवर पंजाएवढा काळानिळा डाग आठ दिवस होता, वैशालीने बघितलाय. व्हिडिओही बघितला मी. त्यात एक मध्यमवयीन माणूस मांडीवर कुंची घेऊन बसलाय आणि त्याचे खांदे हळूहळू खाली जातायत, बस. आणि वैशालीला एकदा, खूप नंतर, मी विचारलं की तू उचललास तेव्हा कसा होता. ती म्हणाली, “मला वाटलं आक्कांनी बदलून कापडाची बाहुली ठेवली. काहीच नव्हतं त्यात. नुसती कुंची उचलल्यासारखं.”

आक्काला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “मी काय केलं? मी फकस्त दिला.” पुरुषाला का बोलावलंस, विचारलं. म्हणे, आठवत नाही. चार वर्षांपूर्वी ती गेली.

आता जे येणार आहे ते मला माहीत आहे. एक, अपराधीपणाचा मनावर परिणाम. मान्य, असतो. पण त्या एक्स-रेच्या खोलीबाहेर अपराधीपणा कमी होता का? तेव्हा माझा हात का नाही जड झाला? पेपर तर आरामात उलटत होतो. दोन, पितृदोष, कुलदैवताचा कोप, अमुक शांत करा, तमुक ठिकाणी जाऊन या. कृपा करून हे लिहू नका. माझ्या कुळात दोष असेल तर तो मी आहे. त्याला पूजा लागत नाही. तीन, हे मागच्या जन्मीचं. नाही. याच जन्मीचं, शनिवारी सकाळी अकरा वाजताचं, माझ्या बाथरूममधलं. त्या दुपारी काय झालं याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण उत्तर नाही म्हणून मी ते देवावर किंवा भुतावर ढकलून मोकळा होणार नाही.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, सांगून टाकलं बायकोला, सुटला. तिथेच चुकताय.

बारशानंतर सहा-सात महिन्यांनी रूपालीच्या बहिणीचं डोहाळजेवण होतं, महेशच्याच घरी. ओटी भरायला बायका उठल्या तशी वैशालीही उठली. आई सगळ्यांसमोर म्हणाली, “तू राहू दे. आक्काच्या वरवंट्यानंसुद्धा जिची कूस उजवली नाही, तिनं कशाला भरायची ओटी?”

वैशालीने आईकडे नाही बघितलं. माझ्याकडे बघितलं. मी ताटावर होतो. मला एक वाक्य बोलायचं होतं. ‘आई, दोष माझ्यात आहे.’ चार शब्द.

मी रूपालीकडे कोशिंबीर मागितली.

वैशाली गेली पुढे. हळदीकुंकवाची कुयरी स्वतः उचलली, त्या मुलीला कुंकू लावलं, नारळ-तांदळाने ओटी भरली, आणि आईच्या अंगावरून वळून परत आपल्या जागी येऊन बसली. त्यानंतर आमच्या घरातली एकही ओटी तिने सोडलेली नाही. कुणी बोलावो न बोलावो. आई दर वेळी काहीतरी बोलते. ती दर वेळी भरते. आणि दर वेळी एकदा माझ्याकडे बघते.

त्या डोहाळजेवणाहून आल्यावर मी तिला म्हटलं होतं, तूच सांगून टाक ना आईला, मी नाही म्हणणार नाही. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, “मी सांगितलं तर ती माझी कैफियत होईल. सून आहे, दोष नवऱ्यावर ढकलणारच, असं म्हणतील. तुम्ही सांगितलंत तर ते खरं होईल. माझ्या कानात सांगितलंत ते माझ्यापुरतं होतं. मला जे बोलले ते चाळीस माणसांसमोर बोलले.”

माझ्या हातून ते अजून झालेलं नाही. दर वेळी ठरवून जातो. आई आता शहात्तरची आहे, कान शाबूत आहेत. मी चाळीस हजार पार्ट नापास केलेत या हातांनी, पण आईसमोर स्वतःला नापास म्हणायची वेळ आली की मी ताटात बघतो. वर दगडाची गोष्ट सांगतो — ती सांगायला सोपी पडते.

हे इथे लिहिलं, नाव न देता, अनोळखी लोकांसमोर. याला फेडणं म्हणत नाहीत, हे मला कळतं. आई, महेश, रूपाली आणि त्या दिवशी त्या हॉलमध्ये हसलेली माणसं, यांच्यासमोर उभं राहून मूल माझ्यामुळे झालं नाही आणि रिपोर्ट मी खोटा आणला, हे मोठ्याने सांगणं मी वैशालीला देणं लागतो. ते मी अजून दिलेलं नाही.